कॉनकॉर : टर्मिनलं वाढली, जोडधंदेही वाढले, पण ठरल्या दिवशी गाडी सुटते का?

मालीवाडा :

गेली सतरा वर्षं वाळूज-चिकलठाण्याच्या कारखान्यांची निर्यातीची कागदपत्रं करतोय. कंटेनर कॉर्पोरेशन ऑफ इंडिया, म्हणजे आपली कॉनकॉर, हा माझ्या रोजच्या भाकरीचा विषय आहे. गेल्या काही वर्षांत या कंपनीबद्दल जे काही वाचायला मिळतं ते जमीन, नवी टर्मिनलं, नव्या कंपन्या आणि खासगीकरण यांबद्दल असतं. डबा, म्हणजे कंटेनर, कोणत्या वारी सुटेल, हे कुणी लिहीत नाही. म्हणून हा धागा.

नव्या वाचकांसाठी थोडी पार्श्वभूमी. कॉनकॉरची स्थापना मार्च १९८८ची. नोव्हेंबर १९८९मध्ये तिने रेल्वेकडून सात अंतर्देशीय (बंदरापासून आत, देशाच्या पोटातले) कंटेनर डेपो ताब्यात घेऊन काम सुरू केलं. त्याच वर्षी मे महिन्यात न्हावा शेवाचं बंदर चालू झालं होतं. म्हणजे बंदर आणि कंपनी दोन्ही एका वयाची. रूळ आणि इंजिन रेल्वेचं, वॅगन आणि देशांतर्गत मालाचे डबे कॉनकॉरचे, आणि गाडी ओढण्याबद्दल रेल्वेला हॉलेज द्यायचं, असा हा व्यवहार. २००६मध्ये खासगी कंपन्यांनाही कंटेनर गाड्या चालवायची परवानगी मिळाली, तरी आजही रेल्वेने जाणाऱ्या डब्यांपैकी निम्म्याहून जास्त कॉनकॉरकडेच आहेत.

आता माझा अनुभव. दोन वर्षांपूर्वी वाळूजच्या एका लहान फोर्जिंगवाल्याचे दोन डबे जर्मनीला जायचे होते. एका खासगी गाडीवाल्या कंपनीने शुक्रवारची गाडी सांगितली. गुरुवारी रात्री अकराला स्टफिंग, म्हणजे डब्यात माल भरणं, संपलं, लाकडी खोक्यांना पट्टे आवळले, दार लावलं, बॉटल सील माझ्यासमोर खट्कन बसलं. शुक्रवारी निरोप आला, रेक, म्हणजे अख्खी गाडी, भरला नाही, रविवारी बघू. रविवारीही भरला नाही. सोमवारी ट्रेलर शोधून डबे रस्त्याने पाठवले, तोवर जहाजाचा कटऑफ, म्हणजे डबे घ्यायची शेवटची वेळ, गेला. ग्राहकाची लाइन बंद पडू नये म्हणून तीनशे किलो माल विमानाने पाठवावा लागला आणि त्या माणसाचा सहा महिन्यांचा नफा त्यात गेला. तेव्हापासून तो रेल्वेचं नाव काढत नाही. त्याला मी कोणत्या तोंडाने समजावू?

माझं म्हणणं एवढंच आहे : टर्मिनल किती एकरांचं, यापेक्षा गाडी अर्धी भरली असली तरी ठरल्या दिवशी सुटते का, यावर लहान निर्यातदार येतो किंवा जातो. जाणकारांनी लिहावं. मी चुकत असेन तर तेही सांगावं.

---

पाटोळा :

चांगला विषय. रेक म्हणजे नक्की किती डबे? आणि बातम्यांत येतं ते टीईयू काय असतं?

---

रुळावरून :

पाटोळा, वीस फुटी एक डबा म्हणजे एक टीईयू. चाळीस फुटी डबा म्हणजे दोन. कंटेनरच्या एका रेकला ४५ वॅगन, प्रत्येक वॅगनवर वीस फुटी दोन, म्हणजे नव्वद टीईयू.

मी भुसावळ विभागात परिचालनात होतो, आता निवृत्त आहे. मालीवाडा, तुमचं दुखणं कळतं, पण गाडी अर्धी सोडायची म्हणजे काय होतं तेही सांगतो. हॉलेज रिकाम्या वॅगनलाही लागतं. सवलत आहे, पण फुकट नाही. नव्वदच्या जागी चाळीस डबे घेऊन गाडी काढली तर खर्च त्या प्रमाणात घटत नाही आणि उत्पन्न मात्र निम्म्याच्या आत. सरकारी असो वा खासगी, टर्मिनल मॅनेजर फोनवर फोन करून डबे गोळा करतो ते याचसाठी.

दुसरी गोष्ट घाटाची. न्हावा शेव्याहून आपल्याकडे यायचं तर पनवेल, दिवा, कल्याण करत कसारा चढावा लागतो. तिथे ३७ फुटांमागे एक फूट चढण आहे. वर जाणाऱ्या मालगाडीला कसाऱ्याला मागून बँकर, म्हणजे ढकलणारी, इंजिनं जोडायची, इगतपुरीला सोडायची. ही जोडाजोड मी हजारो वेळा पाहिली आहे. पावसाळ्यात, धुक्यात, कल्याणच्या लोकलमधून वाट काढत आलेली गाडी कसाऱ्याला इंजिनासाठी थांबली आणि मागून मेल-एक्सप्रेसची रांग लागली की मालगाडी बाजूलाच पडणार. वेळापत्रक मोडतं ते इथे. नव्या टर्मिनलच्या काँक्रीटने हा घाट उतरत नाही.

---

मालीवाडा :

दादा, हे पहिल्यांदा कुणी इतकं सोपं करून सांगितलं. मग पश्चिम मालवाहतूक मार्गिकेने, म्हणजे फक्त मालगाड्यांसाठीच्या नव्या रेल्वेमार्गाने, आपल्याला काहीच मिळणार नाही का?

---

रुळावरून :

मिळेल, पण वळसा घेऊन. ही मार्गिका दादरी ते न्हावा शेवा, सुमारे १५०० किलोमीटर. ती मुंबईहून गुजरात, राजस्थान, हरियाणा अशी जाते. तिच्यावरची विजेची तार रुळापासून साडेसात मीटर उंच ठेवली आहे, म्हणून डब्यावर डबा ठेवून विजेच्या इंजिनाने गाडी जाते. ७ जानेवारी २०२१ला रेवाडी ते मदार हा ३०६ किलोमीटरचा टप्पा सुरू झाला, तेव्हा न्यू अटेलीहून दीड किलोमीटर लांबीची दुमजली गाडी सोडली होती. तशी एक गाडी म्हणजे साध्या चार रेकचे डबे एका फेरीत. आपल्या इथला वैतरणा ते बंदर हा शंभरेक किलोमीटरचा शेवटचा तुकडा मात्र सगळ्यात जास्त रखडला.

कॉनकॉरची मोठी नवी टर्मिनलं कुठे आहेत बघा. राजस्थानात काठूवास, बडोद्याजवळ वरणामा, शिवाय जुनं दादरी. सगळी या मार्गिकेच्या अंगाला. धंद्याच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. दिल्ली-लुधियानाहून बंदर हजार-दीड हजार किलोमीटर पडतं, तिथे रेल्वे ट्रेलरला सहज हरवते. तुम्ही साडेतीनशे किलोमीटरवर. डबा कारखान्यातून टर्मिनलला न्यायचा, उचलायचा, पुन्हा बंदरात उतरवायचा. दोन जादा उचली आणि एक जादा ट्रेलर. या खर्चातच अंतराचा फायदा जिरतो. मार्गिकेमुळे जुन्या रुळांवरचा उत्तरेकडचा माल कमी होईल आणि कल्याण-कसारा बाजूला थोडी जागा मोकळी होईल, हा आपला वळशाचा फायदा.

---

वर्धाकाठ :

+१ रुळावरून. बंदर आपल्या राज्यात, ट्रेलरचा धूर आणि कोंडी उरण-पनवेलला, आणि रेल्वेची सोय उत्तरेला. न्हावा शेव्याच्या पाच-सहा डब्यांतला एकच रेल्वेने जातो, बाकी सगळा रस्ता. नागपूरची गोष्ट थोडी बरी आहे, कारण अंतर आठशेच्या वर. अजनीचा डेपो जुना, आता मिहान या नागपूरच्या औद्योगिक प्रकल्पातही कॉनकॉरचं टर्मिनल आहे. आमच्याकडचे तांदूळवाले रेल्वेनेच जातात.

---

ताळेबंद :

मी जोडधंद्यांबद्दल लिहितो, कारण कॉनकॉरचे वार्षिक अहवाल गेली बारा-तेरा वर्षं मी नेमाने वाचतो आणि माझ्याकडे थोडे शेअरही आहेत. ते आधीच सांगतो, म्हणजे माझ्या मताचं वजन वाचणाऱ्याने स्वतः ठरवावं.

या कंपनीचे उपउद्योग दोन जातींचे आहेत. पहिली जात डब्याला चिकटलेली. न्हावा शेव्याचं तिसरं टर्मिनल, गेटवे टर्मिनल्स, यात ७४ टक्के मेर्स्क या जहाज कंपनीच्या गटातल्या एपीएम टर्मिनल्सचे आणि २६ टक्के कॉनकॉरचे. २००६पासून चालू आहे. दादरीला मेर्स्क, सीएमए सीजीएम आणि ऑलकार्गो यांच्याबरोबर प्रत्येकी ४९ टक्क्यांची गोदाम-केंद्रं. पंजाब सरकारच्या महामंडळाबरोबर लुधियानाजवळ किला रायपूरला एक कंपनी, उत्तराखंडच्या महामंडळाबरोबर पंतनगरला एक. यात कॉनकॉर जमीन, रूळ आणि गाडी आणते, समोरचा माल आणतो. जहाज कंपनी भागीदार असली की तिचे डबे आपोआप त्या टर्मिनलला येतात. ही शहाणपणाची मांडणी आहे असं माझं मत.

दुसरी जात डब्यापासून लांब गेलेली. २००६ची फ्रेश अँड हेल्दी एंटरप्रायझेस. हरियाणात सोनीपतजवळ राई इथे नियंत्रित वातावरणाचं शीतगृह, त्यात हिमाचलचं सफरचंद साठवायचं. नुसतं साठवायचं असतं तर ठीक. कंपनीने सफरचंद स्वतः विकत घेऊन विकायला सुरुवात केली. म्हणजे रेल्वेतला अधिकारी फळाच्या भावाचा अंदाज बांधणार आणि समोर दिल्लीच्या आझादपूर फळबाजारातले पिढीजात आडते. वर्षानुवर्षं तोटा झाला. मुंबई विमानतळावरच्या मालासाठी कॉनकॉर एअर काढली. २०१९मध्ये कांडल्याहून दक्षिणेकडे किनारी जहाजसेवा सुरू केली, तीही फार टिकली नाही. एवढ्या सगळ्या दिशांना लक्ष गेलं की मालीवाडांच्या शुक्रवारच्या गाडीकडे कोण बघणार?

---

गोदाकाठ :

ताळेबंद, तुमच्या आकड्यांशी माझं भांडण नाही, पण सफरचंदाबद्दल मला बोलायचंय. माझी दिंडोरी तालुक्यात साडेसात एकर द्राक्षबाग आहे. शीतगृह हा रेल्वे कंपनीचा धंदा नव्हे, हे मला पटत नाही.

फळाचं काय होतं ते सांगतो. पहाटे चारला डोक्याला बॅटरी लावून घड काढायला सुरुवात होते, कारण ऊन चढलं की मण्यातला गर तापतो. नऊच्या आत क्रेट पॅकहाउसमध्ये. प्रीकूलिंगला, म्हणजे फळ आधी थंड करून घ्यायला, सहा-सात तास. मग अर्ध्या किलोच्या पनेट (प्लास्टिकच्या डब्या), त्यांचे खोके, खोक्यांचे पॅलेट, आणि वीस पॅलेट चाळीस फुटी रीफरमध्ये, म्हणजे थंड कंटेनरमध्ये. तापमान शून्याच्या आसपास. त्यानंतर युरोपात पोचेपर्यंत वीज एक तासही जायला नको. ट्रेलरवर विजेचा जेनसेट असतो, बंदरात प्लग असतो. गाडी मधेच कुठल्या लूप लाइनवर, बाजूच्या रुळावर, चौदा तास उभी राहिली तर? म्हणून आम्ही दोनशे किलोमीटर रस्त्यानेच जातो.

आता बघा, ज्याच्याकडे वॅगन आहेत, टर्मिनल आहे, त्यानेच थंड खोली आणि प्लग दिले, तरच शेतकऱ्याचा माल रेल्वेवर चढेल. दुसरा कुणी ते करणार नाही, कारण त्याला रेल्वेचा भरवसा नाही. राईचं शीतगृह चुकलं ते व्यापारात शिरल्यामुळे, हे तुमचं बरोबर. पण बांधलं हे चुकलं नाही.

आणि आमच्या ओझरला याच कंपनीचं एक काम आहे, ज्याबद्दल इथे कुणी लिहिलं नाही. एचएएलच्या (हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या) विमानतळावर एचएएल आणि कॉनकॉर यांचं मिळून हॅलकॉन नावाचं मालवाहतूक केंद्र आहे. तिथून शारजाला विमानं भरून शेळ्या-मेंढ्या गेल्या आहेत. हा जोडधंदाच. पण आमच्या जिल्ह्याला त्याचा उपयोग झाला.

---

ताळेबंद :

गोदाकाठ, तुमचं म्हणणं मान्य. साठवणूक आणि व्यापार यात मी गल्लत केली होती. राईत थंड जागा भाड्याने देण्याचं काम करून ज्याच्या-त्याच्या मालाची जोखीम ज्याची त्याच्याकडे ठेवली असती, तर आज चित्र वेगळं असतं.

---

नेपरव्हिल :

मी शिकागोच्या पश्चिमेला वीस वर्षं राहतोय, मूळचा साताऱ्याचा. लॉजिस्टिक्सच्या सॉफ्टवेअरमध्ये काम. इथलं एक उदाहरण तुमच्या चर्चेला उपयोगी पडेल.

माझ्या घरापासून पाऊण तासावर एलवुड नावाचं गाव आहे, वस्ती दोन-अडीच हजारांची. तिथे जोलिएटचा जुना दारूगोळ्याचा कारखाना होता. त्या जागेवर बीएनएसएफ या मालवाहू रेल्वेने २००२मध्ये लॉजिस्टिक्स पार्क शिकागो उघडलं. पुढे शेजारी जोलिएटला युनियन पॅसिफिकचं ग्लोबल फोर आलं. रेल्वेच्या यार्डाला लागून हजारो एकरांवर गोदामं. डबा गाडीतून उतरतो आणि काही मैलांत रिकामा होतो. हीच कल्पना ते आता कॅलिफोर्नियात बारस्टोला नेताहेत : २०२२मध्ये जाहीर केलं, दीड अब्ज डॉलर आणि सुमारे ४५०० एकर. लॉस एंजेलिसच्या बंदरातून डबे सरळ वाळवंटात न्यायचे आणि तिथे वेगळे करायचे.

इथे एक फरक समजून घ्या. रूळ, इंजिन, यार्ड आणि वेळापत्रक हे सगळं एकाच कंपनीच्या हातात आहे. कॉनकॉरच्या हातात फक्त वॅगन आणि यार्ड. सवारी गाड्यांमुळे डबा अडकला तर कॉनकॉरचा मॅनेजर काहीच करू शकत नाही. म्हणून टर्मिनल वाढवण्याची तुलना सरसकट करू नये.

दुसरी बाजूही लिहितो, कारण ती मी रोज पाहतो. एलवुडच्या शेजारी लिंकनच्या नावाचं राष्ट्रीय सैनिकी दफनभूमीचं मैदान आहे आणि मिडेविनचं गवताळ संरक्षित रान आहे. त्यांच्यामधून रूट ५३वर ट्रकांची रांग असते. माझ्या एका शेजाऱ्याचा भाऊ तिथे दफन आहे. मेमोरियल डेला, सैनिकांच्या स्मरणदिनी, ते कुटुंब पहाटे निघतं, ट्रक सुरू व्हायच्या आत पोचावं म्हणून. गोदामांत बरीच माणसं तात्पुरत्या कामावर, एजन्सीमार्फत. टर्मिनल आल्यावर जमीन, रस्ता आणि मजुरी यांचं काय होणार, हे पहिल्या दिवशीच कागदावर आणून घ्या. नंतर कुणी ऐकत नाही.

---

यमुनापार :

नेपरव्हिल यांनी लिहिलं तेच दिल्लीत तुघलकाबादला. कॉनकॉरचा हा देशातल्या मोठ्या डेपोंपैकी एक. ट्रकांच्या धुरावरून प्रकरण हरित लवादाकडे गेलं, लवादाने सुचवलं की दिल्लीसाठी नसलेले ट्रक दादरी, रेवाडी, बल्लभगढ, काठूवासकडे वळवा. जानेवारी २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर जे म्हटलं ते मला फार महत्त्वाचं वाटतं : स्वच्छ हवेचा हक्क फक्त दिल्लीच्या लोकांचा नाही, दादरी-रेवाडीच्या लोकांचाही आहे. टर्मिनल हलवलं म्हणजे धूर संपत नाही. जिथे जातं तिथे कुणीतरी राहतंच.

---

पाटोळा :

खासगीकरणाचं काय झालं? मध्ये फार चर्चा होती.

---

ताळेबंद :

नोव्हेंबर २०१९मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सरकारच्या ५४.८ टक्क्यांपैकी ३०.८ टक्के हिस्सा व्यवस्थापनासह विकायला मंजुरी दिली. ती विक्री अडली ती मुख्यतः जमिनीवर. कॉनकॉरची पुष्कळ टर्मिनलं रेल्वेच्या जमिनीवर आहेत. आधी भाडं डब्यामागे होतं. २०२०पासून रेल्वेने जमिनीच्या किमतीच्या सहा टक्के मागायला सुरुवात केली. शहरातल्या जमिनीची किंमत धरली तर कित्येक टर्मिनलं परवडेनात, काही कंपनीने परत करायला काढली. सप्टेंबर २०२२मध्ये मंत्रिमंडळाने दर दीड टक्क्यावर आणला आणि मुदत ३५ वर्षांपर्यंत केली.

मालीवाडा, तुमच्या प्रश्नाशी याचा थेट संबंध आहे. डब्यामागे भाडं होतं तेव्हा छोट्या टर्मिनलवर डबे कमी आले की भाडंही कमी. आता डबा येवो न येवो, जमिनीचं भाडं ठरलेलं. त्यामुळे कमी मालाचं टर्मिनल कंपनीला जड होतं आणि लक्ष मोठ्यांकडे जातं.

---

जालनेकर :

आमच्या जालन्याच्या ड्राय पोर्टचं भूमिपूजन डिसेंबर २०१५मध्ये झालं. नंतर तेच मल्टी मोडल लॉजिस्टिक्स पार्क म्हणून महामार्गवाल्यांच्या कंपनीबरोबर करायचं ठरलं. माझ्या मामांची जमीन त्या बाजूला होती. मामा आता नाहीत. भूमिपूजनाच्या दिवशी ते नवं धोतर नेसून गेले होते, आणि आमच्या गावातून सळई थेट जहाजात जाणार, असं घरी येऊन सांगत होते. स्टीलचे कारखाने, बियाणं, मोसंबी, सरकी, सगळं आमच्याकडे आहे. मालीवाडा, जालना आणि वाळूज मिळून एक गाडी भरत नाही का?

---

मालीवाडा :

ताई, तुमच्या मामांबद्दल वाचून गलबललं.

भरते का, हाच खरा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर आजवर कुणी मोजलेलं मी पाहिलं नाही. जो तो आपापल्या फॉरवर्डरला, म्हणजे माल पाठवणाऱ्या एजंटाला, फोन करतो, फॉरवर्डर आपापला ट्रेलर लावतो. शिवाय रिकाम्या डब्यांची अडचण आहे. आमच्या भागात निर्यात जास्त, आयात कमी. आलेला डबा रिकामा करून त्यातच माल भरावा, तर येणारे डबेच थोडे. मग रिकामा डबा बंदराहून आणायचा खर्च आमच्याच माथी.

रुळावरून, एक विचारतो. दर आठवड्याला खात्रीचे तीस-पस्तीस डबे आम्ही लेखी दिले, आणि बाकीचे वाटेत दुसऱ्या टर्मिनलवर भरले, तर ठरल्या वारी गाडी सुटू शकते का?

---

रुळावरून :

कागदावर लेखी हमी असेल तर विचार होऊ शकतो. माझ्या नोकरीत मी पाहिलंय, गिऱ्हाईक दर आठवड्याला दिसायला लागलं की माणसं जागेवरून हलतात. सिमेंटवाल्यांना टँक कंटेनर मिळाले ते तसेच. पण हमी म्हणजे हमी. डबे दिले नाहीत तर रिकाम्या जागेचे पैसे भरायची तयारी हवी. तुमचे लहान कारखानदार त्यावर सही करतील का, ते आधी बघा. मधल्या टर्मिनलवर गाडी फार तर चार-पाच तास थांबवा. डबे उचलणारं यंत्र, रीचस्टॅकर, तयार हवा, ड्रायव्हर जेवायला गेलाय असं चालणार नाही. आणि कसाऱ्याला गाडी रात्री एकच्या सुमारास पोचेल असं बघा. लोकलचा आणि मेलचा त्रास तेव्हा कमी.

---

गोदाकाठ :

वाटेतलं दुसरं टर्मिनल आमच्या बाजूला असेल आणि पंधरा रीफर प्लग असतील, तर जानेवारी ते एप्रिल आमचा गट येईल. पहिल्या वर्षी सगळी द्राक्षं नाही देणार. दोन-तीन डबे तापमान नोंदवणारा लॉगर लावून पाठवू, तापमानाचा कागद बघू, मग पुढचं.

---

मालीवाडा :

सोमवारी संध्याकाळी वाळूजला नऊ कारखानदार बसतायत. ज्याचे डबे राहिले होते तो फोर्जिंगवालाही येतो म्हणालाय, मी घरी जाऊन बोलावून आलो. प्रत्येकाने गेल्या बारा महिन्यांची शिपिंग बिलं आणायची, त्यावरून आठवड्याचे डबे काढायचे. हमीच्या अटीवर कोण सही करतो ते त्याच बैठकीत विचारतो.

जालनेकर ताई, तुमच्याकडच्या स्टीलवाल्यांपैकी दोघांचा तरी आकडा मिळवता येईल का?

---

जालनेकर :

दोघांचा नाही, चौघांचा देते. रविवारी रात्रीपर्यंत इथेच टाकते.